जिथे पाती खाली ठेवली

काम अर्ध्या दिवसाचं होतं. टेकडीखालच्या घळीतून धातू शोधणारा डिटेक्टर फिरवायचा, काही वाजत नाही याची खात्री करायची आणि दिवेलागणीच्या आत सोविरूव गावच्या पंचायतीत जाऊन एका कागदावर सही करायची. 'या जागेत जपण्यासारखं काही नाही,' एवढंच त्या कागदावर लिहिलेलं होतं. सही झाली की सर्व संतांच्या सणानंतरच्या सोमवारी खडीचे ट्रक येणार होते. घळ बुजवून तिथे गाड्या लावायची सोय करायची होती, कारण टेकडीवरच्या स्मारकाला फुलं वाहायला दरवर्षी बसगाड्या भरून माणसं यायची आणि चिखलात रुतून शिव्या देत परत जायची.

बोगना सकाळी शहरातून आली तेव्हा झेनोन घळीच्या काठावर आधीच उभा होता. जुन्या रणभूमी धुंडाळायच्या हा बोगनाचा धंदा आणि जमिनीतलं लोखंड-शिसं कानाने ओळखायचं हा झेनोनचा. पासष्टी ओलांडलेला, गुडघ्यांनी कुरकुरणारा माणूस, पण कान मात्र अजून तिखट. टोपीवरून हेडफोन चढवून, हातातल्या यंत्रावर रेलून तो पावाला चरबी आणि कांदा लावून खात होता.

"या, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "एवढ्याशा घळीसाठी पेट्रोल जाळलंत? तिथूनच सही ठोकायची होती. तुम्हाला काय, पाठच आहे ही जागा."

"काका, सकाळी सकाळी सुरू करू नका."

"मी कुठे काय सुरू केलं? मी तर अकरा वर्षं गप्पच आहे."

बोगनाने मान वळवली आणि गाडीतून निशाणांचा गठ्ठा काढायला लागली. हे असंच चालायचं. हा माणूस तिला लहानपणी 'ए शेंबडे' म्हणून हाक मारायचा. डॉक्टरीणबाई आणि अहो-जाहो तिला डॉक्टरेटची पदवी मिळाल्यावर सुरू झालं, आणि ते कौतुकाने नव्हे हे दोघांनाही ठाऊक होतं.

टेकडीवरच्या दगडावर कोरलेलं होतं की झारच्या सैन्याविरुद्धच्या उठावात इथे अडतीस जणांनी तोफांवर चाल केली. हातात बंदुका नव्हत्या. गवत कापायच्या विळ्यांची पाती सरळ करून लांब दांड्यांवर ठोकलेली, एवढंच हत्यार. शेवटची ओळ सोविरूवच्या प्रत्येक पोराला शाळेत जाण्याआधी पाठ होत असे: 'एकानेही पातं खाली ठेवलं नाही.' नाव मात्र दगडावर एकही नव्हतं. नावं कुणाला माहीतच नव्हती, आणि प्रेतं कुठे पुरली तेही.

अकरा वर्षांपूर्वी बोगनाने पदवीसाठी हीच रणभूमी घेतली होती. आपलं गाव, आपली टेकडी. उन्हाळाभर ती आणि झेनोन टेकडीवर फिरले आणि टेकडी मुकी राहिली. एक गोळी नाही, एक बटण नाही. मग एका दुपारी झेनोन लघवीला म्हणून घळीत उतरला, सवयीने यंत्र हातात होतं, आणि ते किंचाळायला लागलं. दोन वीत मातीखाली पाती होती. अडतीस. एकावर एक, टोकं एकाच दिशेला, नीट रचलेली. माणसाने आपल्या हातांनी, घाई न करता खाली ठेवलेली. सभोवती बंदुकीच्या गोळ्यांचं कडं होतं, सगळ्या काठावरून खाली झाडलेल्या. पात्यांच्या शेजारी एका हाताची हाडं दिसली तेव्हा तिने खणणं थांबवलं.

म्हणजे चाल झालीच नव्हती. त्यांनी शरणागती पत्करली होती, आणि नंतर त्यांना उभं करून मारलं होतं.

बोगना ते फोटो घेऊन आधी गेली ती लेओकाद्याबाईंकडे. बाईंनी तिला अक्षर शिकवलं होतं, इतिहासाचं वेड लावलं होतं, शहरात पाठवायला तिच्या बापाशी भांडण काढलं होतं. बाईंनी एकेक फोटो पाहिला, उठून खिडकीचा पडदा ओढला आणि म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलं? आता काय सांगू, हात वर केले म्हणून?" आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "तुझ्याशिवाय कुणी पाहिलंय का हे?"

या धंद्यात वस्तू काय सापडली याला अर्धीच किंमत असते. खरी किंमत ती कुठे सापडली याला. बोगनाने फार काही केलं नाही. वहीतल्या प्रत्येक ओळीत जागेचा एक आकडा बदलला. तेवढ्याने पाती आणि गोळ्या घळीतून उठून टेकडीच्या उतारावर गेल्या, तोफांसमोर. घळीत उरलेलं शिसं-लोखंड तिने कण न् कण वेचून काढलं, हाडांवर माती लोटली आणि अहवालात लिहिलं, 'घळीत काही आढळलं नाही.' तिला पदवी मिळाली, पुढे नोकरी मिळाली. जुन्या बंबखान्यात गावाने छोटं संग्रहालय केलं आणि तिथे भिंतीवर ती पाती उभी टांगली. टोकं वर करून.

त्या भिंतीसमोर तिचा सत्कार झाला तेव्हा तिला पहिल्यांदा शरम वाटली. नंतर ती शरम गेली नाही. जेवताना यायची, शिकवताना यायची. शरण गेलेल्या माणसांची तिला लाज वाटली होती, त्यांची काहीच चूक नसताना. आणि आता तिला स्वतःच्या त्या लाजेची लाज वाटत होती.

दुपारी बाराच्या सुमाराला धुकं उतरलं. आधी टेकडी गेली, मग घळीचा पलीकडचा काठ गेला, मग काठावरची बर्चची झाडं एकेक करून पुसली गेली. कुजलेल्या पानांचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक वास. भिजलेल्या लोखंडाचा, जिभेवर येणारा.

झेनोन दोऱ्या आखून पट्ट्यापट्ट्याने चालत होता. जिथे वाजेल तिथे बोगनाने निशाण रोवायचं, आणि सगळी जागा झाल्याशिवाय कुदळ लावायची नाही, अशी त्यांची रीत. आज निशाण लागणारच नव्हतं. घळ तिने स्वतः साफ केलेली होती.

पहिल्या पट्ट्यात यंत्र वाजलं.

"खिळा असेल," बोगना म्हणाली.

"असेल," झेनोन म्हणाला.

तिने निशाण रोवलं. दीड पावलावर पुन्हा वाजलं. पुन्हा दीड पावलावर. दुसऱ्या पट्ट्यात तसंच. निशाणांची एक ओळ झाली, मग तिच्यामागे दुसरी, शाळेच्या मैदानावर पोरं उभी करतात तशी. बोगनाने ती मोजली नाहीत. मोजायची तिची छातीच झाली नाही.

"डॉक्टरीणबाई," झेनोन थांबला, "तुमची ही घळ आज फार बोलतेय."

"एक खणून बघू."

"सगळी जागा व्हायच्या आत? आपली रीत..."

"खणा, काका!"

त्याने खणलं. वीतभर, हातभर. काळी, स्वच्छ माती. त्यात काही नव्हतं, खडासुद्धा. त्याने यंत्र खड्ड्यावर धरलं आणि ते वाजलं. यंत्र वर उचललं, कमरेइतकं. तरी वाजलं. छातीइतकं उचललं. तिथे सगळ्यात जोरात वाजलं.

दोघंही त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथे फक्त धुकं होतं, माणसाच्या छातीइतक्या उंचीवरचं.

झेनोनचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग ते काढून त्याने तिच्यापुढे धरले.

"हे वाजणं नाही गं पोरी," तो म्हणाला. अकरा वर्षांनी त्याने तिला पोरी म्हटलं होतं. "ऐक तूच..."

तिने हेडफोन चढवले. आधी नुसती खरखर. मग अगदी जवळ, कानाशी, लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज. आपटल्याचा नाही. हळूच, वस्तू मोडू नये म्हणून ठेवतात तसा. त्यामागून एका पुरुषाचा आवाज, थंडीने जड झालेला.

"क्लेमेन्स मिगा. सुतार."

मग दुसरा आवाज, झारच्या सैन्यातल्या कुणाचा तरी, परक्या वळणाचा, कंटाळलेला, टपालाच्या खिडकीतल्या कारकुनासारखा.

"पुढचा."

खण्ण.

"श्चेपान सोवा. मला... मला घरी निरोप धाडता येईल का?"

"पुढचा."

खण्ण.

"फाबियान दुदा. सोविरूवचा."

बोगनाने झेनोनकडे पाहिलं. त्याचं आडनाव दुदा होतं. त्याची आजी, आई, बायको, सगळ्यांनी टेकडीवरच्या दगडापाशी आयुष्यभर दिवे लावले होते.

नावं येत राहिली. कुणी बापाचं नाव सांगे, कुणी वय. कैदी म्हणून वहीत नाव लागेल, आपण जगू, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत प्रत्येक आवाजात ऐकू येत होती आणि तेच बोगनाला सोसवेना. तिच्याही हातात वही होती. ती जणू त्यांच्यासमोर वही घेऊन बसली होती आणि ते तिला नाव सांगत होते, आणि तिने अकरा वर्षांपूर्वी त्यांचं काय केलं होतं?

मग नावं संपली. खरखर राहिली. आणि तो कंटाळलेला आवाज पुन्हा आला. आता हेडफोनमधून नव्हे. समोरून, निशाणांच्या पहिल्या ओळीपलीकडून.

"पुढचा."

तिने हेडफोन भिरकावले आणि पळाली. झेनोनला तिथेच टाकून, काठ चढून, चिखलात हातांवर पडत ती गाडीपर्यंत पळत आली. काही वेळाने तोही आला. यंत्र खांद्यावर, दमाने.

पंचायतीत सरपंचबाई हालिना कॉफी आणि खसखशीचा केक मांडून बसल्या होत्या. कागद टेबलावर तयार होता, वर पेन ठेवलेलं.

"करा सही, की मी मोकळी झाले," त्या म्हणाल्या. "ट्रकवाला सकाळपासून तीनदा डोकं खाऊन गेला."

बोगनाने तोंड उघडलं. सगळं सांगायचं ठरवूनच ती पायऱ्या चढली होती. भिंतीवर तिच्या सत्काराचा फोटो होता. त्यात ती हसत होती.

"सही नाही करता येणार," ती म्हणाली. "तिथे... हाडं असावीत असं दिसतंय. पुन्हा खणावं लागेल."

"पण तुम्हीच लिहिलं होतं ना, काही नाही म्हणून?"

"तेव्हाची यंत्रं साधी होती. पकडत नव्हती."

झेनोन दाराशी उभा होता. त्याने आधी बोगनाकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं. तेच यंत्र होतं, अकरा वर्षांपूर्वीचं.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "ट्रक थांबले, बरं झालं. पण माझ्या यंत्रावर का ढकललंस?" आणि चालू लागला. बोगना रस्त्यात उभी राहिली. तिचे कान तापले होते. अर्धं खरं सांगून तिने उरलेल्या अर्ध्या खोट्याला आणखी एक टेकू दिला होता. त्या रात्री बापाच्या रिकाम्या घरात ती जागीच होती. काहीही आलं नाही, काहीही वाजलं नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. नुसती शरमच होती.

दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, मेलेल्यांसाठी दिवे लावायचा. सोविरूवची झाडून सगळी माणसं कबरस्तानात दिवे लावून चारच्या सुमाराला टेकडीवर चढली. काचेच्या लाल-पांढऱ्या दिव्यांनी टेकडीचा माथा उजळला. पाद्रीबाबांचं प्रार्थना म्हणणं खालपर्यंत ऐकू येत होतं. बोगनाने दुकानातून दिव्यांची पिशवी भरून घेतली होती. ती टेकडीच्या पायथ्याशी आली आणि वर न जाता घळीत उतरली.

खाली झेनोन होता. त्याच्या पायाशी एकच दिवा जळत होता.

"फाबियानचा," तो म्हणाला. "इतकी वर्षं चुकीच्या दारात दिवा ठेवत होतो आम्ही. आणि मला ठाऊक होतं. तूच एकटी नाहीस, पोरी. पाती मी काढली होती माझ्या हातांनी."

दोघांनी मिळून दिवे लावायला घेतले, निशाणांजवळ एकेक. धुकं आज फक्त घळीत होतं, कमरेइतकं. मेणाचा गोड वास पसरत होता, पण त्याखालचा तो भिजलेल्या लोखंडाचा वास गेला नव्हता.

काठावरून दगड घरंगळला. काठी टेकत, एकेक पाऊल चाचपत लेओकाद्याबाई उतरत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काळा कोट, डोक्याला रुमाल. बोगना धावली.

"बाई, अहो पडाल! वर सगळे तुमची वाट बघत असतील."

"बघू देत. हालिना म्हणाली, यंत्रं साधी होती म्हणे." बाई धापा टाकत होत्या. "एवढं खोटं बोलायला मी तुला शिकवलं का? शिकवलंच म्हणा..."

बोगनाने त्यांना हाताला धरून दिव्यांपाशी आणलं.

"मी चौदा वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "सशांना गवत आणायला इथे आले होते. तेव्हा ऐकलं मी ते. लोखंडावर लोखंड... आणि नावं. घरी येऊन आजीला सांगितलं, तर तिने तोंडावर हात ठेवला माझ्या. म्हणजे तिलाही माहीत होतं. तू फोटो घेऊन आलीस तेव्हा मला नवीन काही कळलं नाही गं. मला फक्त वाटलं, माझ्या हयातीत नको. माझ्या पोरांसमोर नको."

"आता काय करायचं, बाई?"

"तू लिहायचं, खरं. जिथे सापडलं तिथलं. मी उद्या वर्गात जाऊन सांगते."

"माझी नोकरी जाईल. पदवी काढून घेतील."

"घेतील," बाई म्हणाल्या. "घेऊ देत."

बोगनाने मान हलवली. ती हो म्हणाली, मोठ्याने, दोघांना ऐकू जाईल असं. आणि त्याच क्षणी टेकडीवरची प्रार्थना एकदम थांबली. संपली असेल. किंवा घळीत ऐकू येईनाशी झाली असेल.

दिव्यांच्या ओळींपलीकडून आवाज आला.

"पुढचा."

झेनोनने टोपी काढली. लेओकाद्याबाई हजेरीला उभं राहावं तशा ताठ झाल्या, दोन पावलं पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "लेओकाद्या व्रूबेल. सोविरूव. मी शिकवत होते." मग त्यांनी वाकून काठी गवतावर ठेवली. काठी लाकडाची होती. आवाज लोखंडावर लोखंड ठेवल्याचा झाला.

"पुढचा."

बोगना पुढे झाली. कसं, ते तिला कळलं नाही. "बोगना व्हिल्क," ती म्हणाली. "सोविरूव. मी तुम्हाला... मी तुम्हाला इथून उचलून वर नेऊन ठेवलं. मला तुमची लाज वाटली." हातातली वही तिने खाली ठेवली. खण्ण.

"पुढचा."

"झेनोन दुदा. मी बघितलं, आणि बोललो नाही." टोपी खाली गेली. खण्ण.

तिघं एका ओळीत उभे राहिले. पुन्हा 'पुढचा' येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. दिव्यांच्या ज्योती सरळ होत्या, पानसुद्धा हलत नव्हतं. मग समोर, तो आवाज जिथून येत होता तिथे, गवतावर पाऊल वाजलं. जड बुटाचं. एक, दोन... पावलं दिव्यांच्या ओळींना वळसा घालून, अगदी सावकाश, त्यांच्या शेजारून गेली. एकही ज्योत हलली नाही. झेनोनच्या मागे येऊन ती थांबली. रांगेत उभं राहावं तशी. आणि कुणीतरी श्वास घेत उभं राहिलं, तोंडाने, थंडीत खूप वेळ उभ्या असलेल्या माणसासारखं.

कुणी मागे वळून पाहिलं नाही.

खूप वेळ गेला. मागचा श्वास वाट बघत होता. नाव विचारणारा तोच होता, आणि आता त्याला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. बोगनाच्या ते ध्यानात आलं आणि तिच्या अंगावर शहारा आला. भीतीने आला की आणखी कशाने, ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही.

लेओकाद्याबाईंनी तिचा हात दाबला. "म्हण," त्या पुटपुटल्या. "तूच म्हण..."

"पुढचा," बोगना म्हणाली.

पात्याचा आवाज झाला नाही. नाव आलं नाही. ओल्या गवतावर कुणीतरी जडपणे गुडघे टेकले, एवढंच तिघांनी ऐकलं. मग ते तिथेच उभे राहिले, टेकडीवरची माणसं घरी जाईपर्यंत आणि घळीतला शेवटचा दिवा विझेपर्यंत. तो उठल्याचा आवाज काही आला नाही.